ऑडिओ इंटरफेस घेण्याआधी माइक मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हालाही कळेल. तुम्ही स्वतः पेटी वाजवत अभंग आणि भावगीते गाता, धाकटा भाऊ तबल्याची साथ करतो, घरातली दहा बाय बारा फुटांची एक खोली तुम्ही रेकॉर्डिंगसाठी मोकळी केली आहे, लॅपटॉप विंडोजचा असून त्यात ८ जीबी रॅम आहे, आणि माइक, हेडफोन, इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारे उपकरण) असे सगळे मिळून २०,००० रुपयांच्या पुढे जायचे नाही. फोकसराइटचा स्कारलेट सोलो घ्यावा की बेहरिंजरचा यूएमसी२०२एचडी, १९२ किलोहर्ट्झ लिहिलेला इंटरफेस अधिक चांगला असतो का, आणि उसनवारी करून महागातला घेतला तर आवाज स्टुडिओसारखा येईल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

गेली सतरा वर्षे मी नाशिकमध्ये एक छोटी रेकॉर्डिंगची खोली चालवतो. भजनी मंडळे, सुगम संगीत गाणारे हौशी कलाकार, शाळांची समूहगीते आणि अधूनमधून एखादे ऑडिओबुक असे काम माझ्याकडे असते. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक हाच प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारतात आणि त्यातला कळीचा मुद्दा प्रत्येक वेळी प्रश्नाच्या बाहेर राहून जातो. ‘कोणत्या इंटरफेसचा आवाज चांगला’ हा तुमच्या खर्चाच्या टप्प्यात फारसा महत्त्वाचा प्रश्न नाही. एकाच वेळी किती माइक जोडायचे आहेत आणि रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही स्वतःला कसे ऐकणार आहात, हे दोन प्रश्न खरे महत्त्वाचे आहेत.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. पेटी आणि गळा दोन्ही तुमचेच असल्यामुळे ते एकाच वेळी रेकॉर्ड होणार हे उघड आहे. आधी पेटी वाजवून मग तिच्यावर गाणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असले, तरी जो गायक बोटांनी जागा घेत घेत गातो, त्याचे गाणे अशा वेळी आखडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणजे किमान दोन माइक. आता स्कारलेट सोलोच्या खोक्यावर ‘दोन इनपुट’ असे लिहिलेले असते आणि ते खोटे नाही, पण त्यातला माइकचा इनपुट एकच असतो. दुसरा गिटार किंवा कीबोर्डसारख्या वाद्याची वायर थेट जोडण्यासाठी असतो. त्यात तुम्ही दुसरा माइक लावू शकत नाही. बेहरिंजरचा यूएमसी२२, ऑडियंटचा आयडी४ आणि एम-ऑडिओचा एम-ट्रॅक सोलो यांचीही रचना अशीच आहे. गिटार वाजवत गाणाऱ्याला यातले काहीही उत्तम चालेल, कारण त्याची गिटार दुसऱ्या इनपुटात जाते. पेटीला मात्र जॅक नसतो. त्यामुळे इतर काहीही विचारात न घेता सोलो तुमच्या यादीतून बाद होतो, आणि ज्यावर माइकचे दोन इनपुट खरोखर आहेत असा यूएमसी२०२एचडी, एम-ट्रॅक ड्युओ, स्कारलेट २आय२, ऑडियंटचा ईव्हो ४, मोटूचा एम२ किंवा स्टाइनबर्गचा यूआर२२सी यांच्यातूनच निवड उरते.

तबल्याचे काय, हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते तुम्हा दोघा भावांनाच ठरवावे लागेल. तबला नंतर स्वतंत्रपणे वाजवून घ्यायचा असेल, तर दोन इनपुट पुरतात: पेटी आणि गाणे आधी, आणि नंतर दायाँ-बायाँला एकेक माइक लावून तबला. यासाठी गाणे ठोक्याच्या आधारावर, म्हणजे कानात क्लिक ठेवून, रेकॉर्ड करावे लागते. भावगीताला ते जमते. अभंगात शेवटी लय चढत जाते, तिथे क्लिक आड येते. अशा वेळी तिघे एकत्र, म्हणजे गळा, पेटी आणि तबला, हाच मार्ग उरतो आणि मग तीन-चार माइक लागतात. चार माइक हवे असतील, तर पुन्हा नावावर जाऊ नका. स्कारलेट ४आय४ या नावात चार असले, तरी त्यात माइकचे प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे भाग, दोनच आहेत. उरलेले दोन इनपुट लाइन पातळीचे, म्हणजे कीबोर्डसारख्या उपकरणांच्या मोठ्या सिग्नलसाठी आहेत. यूएमसी४०४एचडी आणि ईव्हो ८ यांत मात्र माइकचे चार प्रीअँप आहेत.

‘आत्ता दोन इनपुटांचा घेतो, पुढे गरज पडली तर अजून एक तसाच घेऊन दोन्ही जोडेन’ असा विचार मनात असेल, तर तो सोडून द्या. मॅकवर दोन इंटरफेस एकत्र करून एकच असल्यासारखे वापरण्याची सोय यंत्रणेतच आहे. विंडोजवर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर सर्वसाधारणपणे एका वेळी एकाच इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर (सॉफ्टवेअर आणि इंटरफेस यांना जोडणारा दुवा, त्याबद्दल पुढे) वापरते. माइक पुढे बदलता येतो, हेडफोन बदलता येतो, पण इनपुटांची संख्या वाढवता येत नाही. म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांत काय रेकॉर्ड करणार याचा अंदाज आजच बांधा.

आता आवाजाच्या दर्जाकडे येतो. इथे थोडा हिशेब करावा लागेल, पण तो एकदा समजला की जाहिरातीतल्या निम्म्या गोष्टींचा मोह सुटतो. इंटरफेसच्या प्रीअँपचा स्वतःचा खरखराट किती, याचा एक आकडा कंपन्या देतात. आजच्या चांगल्या स्वस्त इंटरफेसमध्ये तो उणे १२७ डीबीयूच्या (डीबीयू हे सिग्नलची पातळी मोजण्याचे एकक) आसपास असतो. हा आकडा जितका खाली, तितका प्रीअँप शांत. मात्र भौतिकशास्त्राच्या नियमानेच माइकच्या जागी १५० ओहमचा नुसता रोधक लावला, तरी त्याची उष्णतेमुळे होणारी कुजबुज उणे १३१ डीबीयूच्या जवळ भरते. म्हणजे सुधारणेला वाव उरला आहे तो जेमतेम चार डेसिबलचा, आणि महागडा प्रीअँपसुद्धा त्या भिंतीपलीकडे जाऊ शकत नाही.

त्याच्या शेजारी तुमची खोली ठेवून पाहा. पंखा बंद, खिडकी बंद, रात्रीचे अकरा वाजलेले, अशा वेळीही शहरातल्या खोलीत ३५ डेसिबलच्या आसपास आवाज असतो, असे धरू. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० सारख्या साध्या कंडेन्सर माइकची संवेदनशीलता धरून गणित केले, तर खोलीचा तो आवाज इंटरफेसपर्यंत साधारण उणे ९४ डीबीयूने पोहोचतो, माइकचा स्वतःचा खरखराट उणे १०९ च्या जवळ असतो आणि प्रीअँपचा उणे १२७. म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे जे काही ऐकू येईल, त्यात आधी खोली असेल, तिच्या पंधरा डेसिबल खाली माइक असेल, आणि प्रीअँप त्याहूनही अठरा डेसिबल खाली. १०,००० ऐवजी ४०,००० रुपयांचा इंटरफेस घेऊन तुम्ही या रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या माणसाला गप्प करत असता, आणि पुढे बसलेला बोलतच राहतो. स्टुडिओसारखा आवाज येईल का, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. इंटरफेस बदलून तो येणार नाही. गादी, रजया, पुस्तकांचे कपाट, जाड पडदे आणि माइकची जागा यांनी मात्र पुष्कळ जवळ येईल. उसनवारी अजिबात करू नका.

या हिशेबाला एक अपवाद आहे आणि तो तुम्हाला लागू होऊ शकतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. वर कंडेन्सर माइक धरला होता. डायनॅमिक माइक, उदाहरणार्थ शुअरचा एसएम५८, त्याच आवाजाला त्याहून सुमारे अठरा डेसिबल कमी सिग्नल देतो. त्यामुळे इंटरफेसला तो अधिक वाढवून घ्यावा लागतो, आणि या वाढीची कमाल मर्यादा, म्हणजेच गेन, प्रत्येक इंटरफेसमध्ये वेगळी असते. स्कारलेट २आय२च्या तिसऱ्या पिढीत ती ५६ डेसिबल होती, २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत ६९ आहे. ईव्हो ४ मध्ये ५८ आणि मोटू एम२ मध्ये ६० आहे. शुअरच्याच एसएम७बी या माइकसाठी कंपनी किमान ६० डेसिबल गेनची शिफारस करते आणि तेवढ्यावरून लोक इंटरफेस व माइकच्या मध्ये लावायचा आणखी एक वर्धक विकत घेतात. माझा अनुभव असा की, ओठांपासून चार बोटांवर माइक ठेवून मोकळ्या आवाजात गाणाऱ्याला ५६ डेसिबल पुरतात. हळू आवाजात वाचन करणाऱ्याला, किंवा माइकपासून हातभर अंतरावर बसून गुणगुणणाऱ्याला, ते कमी पडतात. तुम्ही अभंग गाता. तुम्हाला कमी पडण्याची शक्यता फारच थोडी आहे.

शिवाय गेन ठासून भरण्याची सवय जुन्या काळातली आहे. १६ बिटांच्या रेकॉर्डिंगला सैद्धांतिकदृष्ट्या ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, २४ बिटांना १४४ चा. प्रत्यक्षात उपकरणांच्या मर्यादेमुळे चांगले स्वस्त इंटरफेस शंभर ते एकशे दहाच्या आसपास पोहोचतात. तरीही मीटरवर आवाजाची सरासरी उणे २० च्या जवळ आणि उंच जागा उणे १० च्या जवळ ठेवल्या, तर काहीही बिघडत नाही, नंतर आवाज वाढवून घेता येतो. उलट तार षड्जावर एखादी तान जोरात गेली आणि मीटर लाल झाला, तर ती तान गेली. ती कोणतेही सॉफ्टवेअर पूर्णपणे परत आणत नाही. म्हणून इंटरफेस २४ बिटांचा असल्याची खात्री जरूर करा, कारण अगदी तळाच्या किमतीत १६ बिटांची उपकरणे अजून विकली जातात. हजार-दीड हजारात माइक, स्टँड आणि रंगीत बटणांचे साउंडकार्ड असा जो संच ऑनलाइन दिसतो, त्याच्या वाटेला तर जाऊच नका. बहुतेक कंडेन्सर माइकना ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच मिळणारी वीज, लागते, ती त्या साउंडकार्डमध्ये बहुधा नसते.

१९२ किलोहर्ट्झबद्दल थोडक्यात. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ असला की २४ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर नोंदले जातात आणि माणसाचा कान तरुणपणीसुद्धा २० च्या पुढे ऐकत नाही. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांवर एका माइकचे एक मिनिट सुमारे ८.६ एमबी जागा घेते; १९२ वर तेच मिनिट ३४.६ एमबी घेते, प्रोसेसरवरचा भार वाढतो आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप धापा टाकू लागतो. व्हिडिओसोबत जाणारे गाणे असेल तर ४८ किलोहर्ट्झ ठेवा, केवळ ऑडिओ असेल तर ४४.१ सुद्धा पुरे. तीच गोष्ट यूएसबीच्या जातीची. दोन माइकचा २४ बिटी डेटा सेकंदाला सुमारे २.३ मेगाबिट भरतो, आणि जुन्या यूएसबी २.० ची क्षमता ४८० आहे. टाइप-सी हा सॉकेटचा आकार आहे, वेगाची हमी नाही; कित्येक टाइप-सी इंटरफेस आतून यूएसबी २.० च असतात आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

इथवरचा हिशेब असा झाला: माइकचे दोन खरे इनपुट हवेत, २४ बिट हवे, ५५ डेसिबलच्या पुढे गेन असला की बरे, आणि १९२ किलोहर्ट्झ, यूएसबी ३ वगैरे गोष्टींसाठी एक रुपयाही जादा मोजायचा नाही. या अटींत वर सांगितलेले बहुतेक इंटरफेस बसतात. मग त्यांच्यात फरक कुठे पडतो? तो माझ्या मते ड्रायव्हरमध्ये आणि स्वतःला ऐकण्याच्या सोयीत पडतो, आणि दुकानदार नेमका त्याबद्दल बोलत नाही.

तुम्ही गाता, आवाज माइकमधून इंटरफेसमध्ये जातो, तिथून लॅपटॉपमध्ये, सॉफ्टवेअरमधून फिरून पुन्हा इंटरफेसमध्ये आणि मग हेडफोनमध्ये येतो. या फेरीला लागणाऱ्या वेळेला लेटन्सी म्हणतात. लॅपटॉप आवाजाचे छोटे छोटे घास करून गिळतो. त्या घासाचे माप म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे १०.७. जाताना एक घास, येताना एक, शिवाय ड्रायव्हरने राखून ठेवलेला थोडा वेळ, असे करत एकूण फेरी सहज दहा ते पंचवीस मिलिसेकंदांची होते. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. भजनात पखवाजवादक तुमच्यापासून तीन मीटरवर बसला असेल, तर त्याची थाप तुमच्यापर्यंत नऊ मिलिसेकंद उशिराच येते आणि कोणाला काही वाटत नाही. म्हणून दहा मिलिसेकंद म्हणजे काही फार नाही, असे पुष्कळ जण सांगतात. वाद्याच्या बाबतीत ते खरे आहे. पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांतून तत्क्षणी ऐकू येत असतो. त्यावर हेडफोनमधला उशिराचा आवाज येऊन पडला की दोन्ही मिसळून तो पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. गायक म्हणतो, ‘आज आवाज लागत नाही.’ अशा वेळी दोष बहुधा बफरचा असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे चांगला ड्रायव्हर. विंडोजच्या सर्वसाधारण ध्वनिव्यवस्थेला वळसा घालून सॉफ्टवेअरने थेट इंटरफेसशी बोलावे, यासाठी स्टाइनबर्गने १९९७ मध्ये एएसआयओ ही पद्धत आणली. इंटरफेसच्या कंपनीने स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर दिला आहे का, आणि तो तुमच्या विंडोजच्या आवृत्तीसाठी आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर खरेदीपूर्वी पाहा. स्वतःचा ड्रायव्हर नसला, की एएसआयओ४ऑल हे मोफत साधन वापरावे लागते. ते काम भागवते, पण विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेवर चढवलेला तो मुखवटा आहे, आणि कमी बफरवर त्याच्यात टिकटिक, कडकड येण्याचे प्रमाण माझ्या पाहण्यात जास्त आहे. यूएमसी२०२एचडीला कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. स्कारलेट, ईव्हो, मोटू आणि स्टाइनबर्ग यांचेही आहेत. मॅक वापरणाऱ्यांना ही काळजी जवळजवळ करावी लागत नाही.

दुसरा उपाय डायरेक्ट मॉनिटरिंगचा. यात माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये जाण्याआधीच इंटरफेसमधून थेट हेडफोनकडे वळवला जातो, त्यामुळे उशीर जाणवतच नाही. वर सांगितलेल्या दोन माइकच्या सगळ्या इंटरफेसमध्ये ही सोय आहे, आणि तुमच्या लॅपटॉपकडे पाहता तुम्ही हिचाच आधार घ्यावा असे मला वाटते. हिची तक्रार एकच असते: आवाज कोरडा ऐकू येतो, घुमारा नसतो, आणि तंबोऱ्याच्या संगतीत गाण्याची सवय असलेल्या गायकाला तो कोरडेपणा सोसत नाही. त्यावर माझ्या खोलीत मी असे करतो: सॉफ्टवेअरमधून गायकाचा मूळ आवाज हेडफोनला जाऊ देत नाही, फक्त त्याचा रिव्हर्ब जाऊ देतो. मूळ आवाज थेट इंटरफेसमधून येतो आणि घुमारा लॅपटॉपमधून वीस मिलिसेकंद उशिरा. घुमारा तसाही भिंतीवर आपटून उशिराच येत असतो, त्यामुळे कानाला तो उशीर न वाटता खोली मोठी झाल्यासारखी वाटते. बफर मग ५१२ वर ठेवला तरी चालतो आणि लॅपटॉप निवांत राहतो. आणखी एक बारीकसारीक गोष्ट: दोन इनपुटांच्या काही इंटरफेसमध्ये डायरेक्ट मॉनिटरिंग स्टिरिओ असेल, तर गळा एका कानात आणि पेटी दुसऱ्या कानात येते. मोनो करण्याचे बटण किंवा सेटिंग आहे का, ते खरेदीपूर्वी माहितीपत्रकात शोधा. एका कानात गळा घेऊन तासभर गायलेला माणूस चिडचिडा होतो.

हेडफोनचा मुद्दा यालाच जोडून येतो. स्वस्त इंटरफेसचा सगळ्यात दुबळा भाग अनेकदा हेडफोनचा आउटपुट असतो. २५० ओहमचा हेडफोन लावला तर पेटीच्या आवाजावर तो मात करू शकत नाही. ३२ ते ८० ओहमचा आणि कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन घ्या, उघड्या पाठीचा घेतला तर क्लिकचा आवाज माइकमध्ये शिरतो. भावालाही ऐकायचे असेल, तर एकसारखे दोन हेडफोन आणि साधा स्प्लिटर पुरतो. हेडफोन वेगवेगळ्या ओहमचे असले तर एकाला मोठा आणि दुसऱ्याला बारीक ऐकू येईल, म्हणून एकसारखे म्हणालो.

आता नाव घेऊनच सांगतो. २०,००० रुपयांतले निम्म्याहून कमी पैसे इंटरफेसवर जावेत, कारण माइक दोन लागणार आहेत आणि स्टँड, माइकच्या एक्सएलआर वायरी, पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी) यांवर दोन-तीन हजार सहज जातात, जे कोणीच हिशेबात धरत नाही. या मर्यादेत मी तुमच्या जागी यूएमसी२०२एचडी घेतला असता. त्याची बटणे फार दर्जेदार नाहीत, पण माइकचे दोन इनपुट, स्वतःचा ड्रायव्हर आणि २४ बिट हे तिन्ही त्यात आहे. खर्च थोडा ताणता आला तर ईव्हो ४ चा विचार करा, आणि त्याचे कारण आवाज नाही. त्यात माइकची पातळी आपोआप ठरवण्याची सोय आहे: तुम्ही काही सेकंद गाऊन-वाजवून दाखवायचे आणि तो दोन्ही माइकचा गेन स्वतः लावतो. एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर असलेल्या माणसाला गेनचे बटण फिरवायला तिसरा हात नसतो. स्कारलेट २आय२च्या चौथ्या पिढीतही ही सोय आहे, पण नवीन घेतला तर तो तुमचे सगळे पैसे एकटाच खाईल. किमती दर महिन्याला हलतात, म्हणून आकडे मी मुद्दाम देत नाही. दोन-तीन ठिकाणी आजचा भाव विचारा आणि भारतातली वॉरंटी लेखी आहे ना, ते बघा.

माइकबाबत तुम्ही विचारलेले नाही, तरी निवड त्याच्याशी बांधलेली असल्यामुळे एवढे सांगतो. गळ्याला डायनॅमिक आणि पेटीला साधा कंडेन्सर अशी जोडी मी सुचवीन. कार्डिऑइड प्रकारचा माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून गळ्याचा माइक तोंडाच्या किंचित खालून वर रोखलेला ठेवा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे राहील आणि गळ्याच्या ट्रॅकमध्ये पेटी कमी शिरेल. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला नको, नाहीतर ‘फस्-फस्’ रेकॉर्ड होत राहील. पूर्ण विलगीकरण होणार नाही. एका माणसाच्या मांडीसमोर असलेल्या वाद्यात आणि गळ्यात ते व्हावे अशी अपेक्षाही धरू नये. काही बैठकीत मी एकच कंडेन्सर मध्ये ठेवून तिघांनाही त्याच्यापासून कमी-जास्त अंतरावर बसवतो आणि ते रेकॉर्डिंग ऐकायला फार गोड लागते, फक्त नंतर तबला कमी कर म्हटले तर ते करता येत नाही.

जुन्या मालाबद्दल सावध करतो, कारण त्यात मी स्वतः पोळलो आहे. विंडोज १० नवीन होते तेव्हा आठ इनपुटांचा एक देखणा वापरलेला इंटरफेस मी अर्ध्या किमतीत घेतला. उपकरण ठणठणीत होते, पण कंपनीने त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे कधी काढलाच नाही, आणि त्यानंतरची चार वर्षे मी केवळ त्याच्यासाठी एक जुना संगणक जिवंत ठेवला. फायरवायरचे इंटरफेस आज मातीमोल भावात मिळतात, पण ती वायर जोडायला लॅपटॉपवर जागाच उरलेली नाही. यूएसबीचा वापरलेला इंटरफेस घ्यायला हरकत नाही. मात्र आधी ड्रायव्हर डाउनलोड करून ठेवा, विकणाऱ्यासमोर स्वतःच्या लॅपटॉपला जोडा, गेनची बटणे फिरवताना खरखर येते का ते ऐका, आणि सोबतचे सॉफ्टवेअर आधीच्या मालकाच्या नावावर नोंदलेले असेल असे धरूनच चाला. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसाठी तसेही अडून बसण्याची गरज नाही. रीपर साठ दिवस मोफत वापरून पाहता येते आणि तुमच्या लॅपटॉपवर ते हलके चालेल.

नवा इंटरफेस घरी आल्यावर परत करण्याची मुदत असेपर्यंत एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढा. कंडेन्सर माइक दोन्ही इनपुटांत आळीपाळीने लावून फँटम पॉवर दोन्हीकडे येते का ते पाहा. स्वस्त इंटरफेसमध्ये दोन्ही इनपुटांना मिळून बहुधा एकच बटण असते, म्हणून डायनॅमिक माइकलाही ती मिळते, पण त्याने त्याला अपाय होत नाही. मग बफर २५६ वर ठेवून अर्धा तास सलग रेकॉर्डिंग करा आणि मध्ये कुठे ‘टिक’ आवाज येतो का ते हेडफोनवर ऐका. शेवटी कोणीही न गाता, पंखा बंद करून, नुसती शांतता एक मिनिट लॅपटॉपचा चार्जर लावून आणि एक मिनिट काढून रेकॉर्ड करा. चार्जर लावल्यावर बारीक गुणगुण वाढली, तर दोष इंटरफेसचा नसून घराच्या अर्थिंगचा किंवा चार्जरचा असण्याची शक्यता अधिक आहे. इंटरफेस परत पाठवण्याआधी दुसऱ्या भिंतीवरचा तीन पिनी सॉकेट वापरून पाहा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर नुसता कमी न करता भिंतीवरच्या बटणानेच बंद करा, आणि गुणगुण तरीही राहिली तर रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मात्र ऐकू नका, कारण त्याने गुणगुण जाईल, पण उद्या एखाद्या उपकरणात वीज उतरली तर ओठ माइकच्या जाळीला लागलेले असताना धक्का तुम्हालाच बसेल.